परदेशी गोदामात जाण्यापूर्वी
(मालधक्का कामगारांच्या सभेत युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आपण वॅगनमधून सिमेंटची, खताची पोती उतरवणारी माणसे. पोते किती किलोचे ते बघितल्याशिवाय आपण पाठ देत नाही. पण आपली मुले दुबई, दोहा, रियाधच्या गोदामात निघतात, तेव्हा कागद न वाचताच सही करतात.

आपल्याच एका साथीचा दहावी पास मुलगा आखातात गेला. गोदामात हेल्परचे काम सांगितले होते. आईचे दागिने मोडून दलालाला दीड लाख दिले, पावती नाही. हातात पडला व्हिजिट व्हिसा. तीन महिने माल चढवला. पगार मागितला तेव्हा विचारले, "तू इथे कामाला आहेस याचा कागद कुठे?" मुलगा कसाबसा परत आला, पैसे आले नाहीत.

हे समजून घ्या. 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे, दहावी न झालेला माणूस 'ई.सी.आर.' पासपोर्टवर आखातात नोकरीला जाणार असेल तर सरकारची मंजुरी लागते. तिथे करार बघतात, 10 लाखांचा अपघात विमा उतरवावा लागतो. दहावी पासाला ही मंजुरी लागत नाही. आपल्याला तो मान वाटतो. मीही मॅट्रिकच, मलाही तसेच वाटायचे. पण त्याचा खरा अर्थ, या मुलाचा करार सरकारी माणूस बघतच नाही. तो आपणच बघायचा.

म्हणून तीन गोष्टी. दलाल सरकारकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेटच्या यादीत पाहा. त्याला 30,000 रुपये आणि वर जी.एस.टी., यापेक्षा जास्त घेता येत नाही, पावती घ्याच. दुसरे, व्हिसा नोकरीचाच हवा. तिसरे, करारात पगार, तास, ओव्हरटाइम, राहणे, परतीचे तिकीट लिहिलेले हवे आणि एक प्रत घरी ठेवायची. कतारमध्ये मार्च 2021 पासून किमान वेतन 1,000 रियाल आहे. मालकाने जेवण व राहणे दिले नाही तर 300 आणि 500 वेगळे. हे आकडे मुलाला पाठ हवेत.

कोणी कॅनडाचे आमिष दाखवील. तिथे माल हाताळण्याचे काम कौशल्याच्या सर्वांत खालच्या श्रेणीत धरतात. एक्सप्रेस एंट्रीने कायम वास्तव्य मिळवायला एवढ्या अनुभवावर भागत नाही. परदेशी कामगार घेण्याच्या मंजुरीची 1,000 डॉलर फी मालकाने भरायची असते, ती कामगाराकडून वसूल करता येत नाही. ती मागणारा ठग समजा.

साथींनो, अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली हमाल लढले, म्हणून महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा झाला. सौदी आणि अमिरातीत युनियन काढू देत नाहीत. तेव्हा आपल्या मुलांची युनियन इथेच, विमानात चढण्याआधी उभी राहिली पाहिजे. दर रविवारी सकाळी युनियन ऑफिसात मी स्वतः बसेन. पैसे देण्याआधी कागद घेऊन या. दिल्यावर या तरी हाकलणार नाही, पण आधी या.

कामगार एकजुटीचा विजय असो!