रंगमंचावरील एलायझा आणि पडद्यावरील एलायझा



नाटकावरून चित्रपट निघाला की त्या दोहोंत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न हटकून विचारला जातो. त्यापेक्षा, माध्यम बदलताना मूळ कृतीत कशाची भर पडली आणि तिच्यातून काय निसटले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९१३ साली व्हिएन्ना येथे जर्मन भाषांतररूपाने ते प्रथम रंगमंचावर आले. १९१४ साली लंडनमध्ये त्याचे इंग्रजी प्रयोग झाले. अँथनी ॲस्क्विथ व लेस्ली हॉवर्ड यांनी १९३८ साली त्याचा चित्रपट केला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे १९७५ पासून ही कथा मराठी रसिकांच्याही परिचयाची झाली आहे.

ध्वनिशास्त्रज्ञ हिगिन्स रस्त्यावर फुले विकणाऱ्या एलायझाला शुद्ध उच्चार शिकवून उच्चकुलीन स्त्री म्हणून मिरवण्याची पैज घेतो. मूळ नाटकात तिचे कष्टाचे धडे आणि अखेरचा विजय या दोन्ही गोष्टी रंगमंचाबाहेरच घडतात. चित्रपटाने त्या डोळ्यांपुढे उभ्या केल्या. तोंडात गोट्या धरून उच्चार घोटणारी एलायझा आपण पाहतो. वकिलातीच्या नृत्यसमारंभात हिगिन्सचाच एक जुना शिष्य तिला हंगेरीची राजकन्या ठरवतो, तेव्हा आपणही मनापासून हसतो. कॅमेऱ्याचे हे सामर्थ्य निर्विवाद आहे. वेंडी हिलर यांची एलायझा तर अविस्मरणीयच. या चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉ यांना, त्यांच्या सहलेखकांसह, ऑस्कर पारितोषिक मिळाले.

परंतु खरा भेद आहे तो शेवटात. नाटकाच्या पाचव्या अंकात एलायझा हिगिन्सच्या देखत कर्नल पिकरिंगला स्पष्ट सांगते की, फुलवाली आणि खानदानी स्त्री यांतील अंतर त्यांच्या वागण्यात नसून लोक त्यांना कसे वागवतात यात असते. आपण स्वतः उच्चारशास्त्र शिकवून पोट भरू, असेही ती हिगिन्सला बजावते आणि निघून जाते. चित्रपटात मात्र ती परत येते. हिगिन्स पाठमोरा बसून आपल्या सपाता कोठे आहेत, असे विचारतो आणि पडदा काळा होतो. शॉ यांनी लिहून दिलेला शेवट हा नव्हता.

असा मोह रंगभूमीलाही झाला होता. लंडनच्या पहिल्या प्रयोगांत हिगिन्सची भूमिका करणारे बीअरबोम ट्री शेवटी एलायझाकडे फुले फेकीत. शॉ संतापले आणि १९१६ साली त्यांनी नाटकाला उपसंहार जोडून एलायझाचा विवाह फ्रेडीशी होतो, असे निक्षून सांगितले. मात्र नटाने घेतलेली सूट त्या रात्रीपुरती असते. दुसऱ्या दिवशी संहिता पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते. फिल्मवर एकदा उमटलेला शेवट मात्र कायमचा उमटतो.

हा वाद केवळ प्रणयाचा नाही. हिगिन्स शिक्षक आहे आणि एलायझा त्याची विद्यार्थिनी. आपण दिलेल्या भाषेत विद्यार्थ्याने आपल्यालाच उलट उत्तर द्यावे, यातच शिक्षणाची सफलता आहे. ते उत्तर देऊन ती ताठ मानेने दाराबाहेर पडते, तेव्हा पैज हिगिन्सने जिंकलेली असली तरी विजय तिचाच असतो. सपाता शोधून देण्यासाठी ती परतली, तर तो विजय तिच्या हातून निसटतो.

म्हणून हा चित्रपट जरूर पाहावा. आणि पाहून झाल्यावर नाटकाचा पाचवा अंक सावकाश वाचावा.