गाडीला पावती, पायाला वाट

श्रोतेहो, जालन्याचा माणूस समुद्रावर बोलायला बसला की तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. आमची नदी कुंडलिका, आमचं तळं मोती तलाव, आणि अरबी समुद्र इथून सुमारे चारशे किलोमीटर. पण सुट्ट्या लागल्या की आमच्याकडचे लोक गाड्या भरभरून अलिबाग, हरिहरेश्वर, मालवण गाठतात. घाट उतरला की वाटतं, समुद्र काय कुणाच्या बापाचा आहे? गाडी कुठंही लावा, गळ कुठंही टाका! समुद्राला मालक नाही, हे खरं. पण ज्याला मालक नाही त्यालाच नियमाची गरज जास्त असते.

आधी मासळीचं बोलू. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ सालचा. योगायोग असा, की आमचा जालना जिल्हाही त्याच वर्षी १ मे रोजी जन्माला आला. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीला हा कायदा लागू आहे. पावसाळ्यात साधारणपणे १ जून ते ३१ जुलै, म्हणजे एकसष्ट दिवस, यांत्रिक नौकांना बंदी असते. तो मासळीच्या विणीचा काळ, आणि दर्याही खवळलेला. मात्र बिगरयांत्रिक पारंपरिक होडीला या बंदीतून सूट आहे. वल्ह्याची होडी घेऊन घरापुरतं आणणारा माणूस समुद्र रिकामा करू शकत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं.

समुद्र रिकामा करण्याची ताकद यंत्राच्या जाळ्यात आहे. पर्ससीन जाळं मासळीच्या थव्याला वेढा घालतं आणि खालून बटव्यासारखं आवळलं जातं. डॉ. सोमवंशी समितीच्या २०१२ च्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारनं या जाळ्यांवर निर्बंध घातले. रात्री एलईडीच्या झगमगाटानं मासे गोळा करण्यावर २०१७ मध्ये केंद्रानं बंदी आणली. तरी मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचं भांडण मिटलेलं नाही. कागदावरचा नियम पाण्यावर राबवायचा, तर गस्त लागते.

त्याच सिंधुदुर्गात रापण आहे. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर माणसांनी वाळूवर उभं राहून ओढायचे. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. मला यात जगण्याची फार साधी रीत दिसते : दोराला हात लावलास, तर वाट्यात तुझं नाव आहे.

आमच्या घरात मासळीला जबीहा लागत नाही. ती तशीच हलाल. हजला निघालेल्या माणसानं एहराम बांधला की जमिनीवरची शिकार त्याला वर्ज्य असते, समुद्रातली मात्र चालते. म्हणजे सवलत आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारीच नांदतात. समुद्राचा हात सैल आहे म्हणून आपणही सैल सुटावं, असं नाही.

आता गाडीचं. कित्येक किनाऱ्यांवर वाहनतळाची पावती फाडावी लागते. वीस-पन्नास रुपयांसाठी आपण वाद घालतो आणि मग गाडी थेट वाळूत घालतो. भरती आली, चाकं रुतली, की ती काढायला धावतात गावातलीच माणसं! शिवाय वाळू रिकामी नसते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून समुद्री कासवांची घरटी राखली जातात. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंडी वाळूत पुरून निघून जाते. वरून चाक गेलं तर तिला कळणारही नाही. १९८१ मध्येच इंदिरा गांधींनी किनारी राज्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटर जागा मोकळी राखायला सांगितलं होतं. पुढे १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. ही जागा कुणासाठी राखायची? पायी येणाऱ्यासाठी, जाळं सुकवणाऱ्यासाठी. म्हणून गाडीला पावती असावी आणि पायाला वाट मोकळी असावी, हेच बरोबर आहे.

आणि हे फक्त कोकणचं नाही. आपल्या तळ्यांतली, धरणांतली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्यानं दिली जाते. त्यात बीज सोडणाऱ्या भोई बांधवांची मेहनत आणि पैसा असतो. विष कालवून किंवा सुरुंग उडवून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. २०१२ च्या दुष्काळात पाण्याचा एकेक हंडा आपण मोजून घेतला. ज्या गावानं पाणी असं मोजलंय, त्याला मर्यादा म्हणजे काय, हे मी सांगायला नको. सुट्टीत समुद्रावर जाताना तेवढी समज सोबत न्या. गाडी तळावर लावा, आणि शेवटचे शंभर पावलं चालत जा.