पाण्याची बेरीज



कोकणात भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. चंद्र-सूर्य आपल्या वेळा मोडत नाहीत, म्हणून हे तोंडी गणित पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. चक्रीवादळाला मात्र तिथीचं सोयरसुतक नसतं.

वादळ नेमकं उधाणाच्या भरतीवर आलं तर काय होतं, ते 1970 साली तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानने भोगलं. 12 नोव्हेंबरची ती रात्र, त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराची. मेघना नदीच्या मुखाशी, भोला बेटाच्या परिसरात वादळ धडकलं ते भरतीच्याच वेळी. किमान तीन लाख माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक पाण्याने.

वर्तमानपत्रं अशा पाण्याला 'लाट' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. लाट येते आणि जाते. हा असतो फुगवटा, धरणामागे नदीला येतो तसा. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, त्याने पाणी थोडं उचललं जातं : एक हेक्टोपास्कल दाब उतरला की साधारण एक सेंटिमीटर. दाब 50 ने उतरला तरी हिशेब अर्ध्या मीटरचाच. उरलेलं सगळं वाऱ्याचं काम. तो तासन्‌तास पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो.

आता सांगा, भरतीने पाणी दोन मीटर चढलं आणि वादळाने तीन, तर एकूण किती? शाळेत पाच. समुद्रात बहुधा पाचाहून कमी, आणि तेही भलत्याच वेळी.

कारण दोघंही एकाच पाण्यात वावरतात. पाणी जितकं उथळ, तितकं वारा ते जास्त चढवतो. म्हणून तोच वारा ओहोटीला मोठा फुगवटा उभा करतो आणि भरतीला लहान. शिवाय भरती उथळ पाण्यात किती वेगाने पुढे सरकेल, तेही खोलीवर ठरतं. पाच मीटर खोलीत ताशी सुमारे 25 किलोमीटर, दहा मीटर खोलीत 36. फुगवट्याने खोली वाढवली की मागून येणारी भरती ठरल्या वेळेआधीच दारात. आणि तळाचं घर्षण तर फारच हिशेबी : प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं. भरती आणि वादळ एका दिशेने निघाले, तर दोघांना मिळून होणारा अडथळा त्यांच्या सुट्या अडथळ्यांच्या बेरजेहून मोठा.

तेव्हा दोन्ही गणितं वेगळी सोडवून उत्तरं जोडणं चुकतं. ती एकत्रच मांडावी लागतात, आणि इथे पाऊणपट पुरत नाही, संगणक लागतो. समुद्राचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाची खोली नोंदवायची, खोल समुद्राच्या कडेने भरती आत सोडायची, वरून वादळाचा वारा आणि दाब द्यायचा. मग किती पाणी शेजारच्या चौकोनात गेलं, हे पुन्हा पुन्हा मोजायचं. किलोमीटरभराचा चौकोन भरती दहा मीटर खोलीत शंभरेक सेकंदांत ओलांडते, म्हणून मोजणीही त्याहून लहान टप्प्यांनी करावी लागते. बंगालच्या उपसागरासाठी फुगवट्याचं असं मॉडेल हवामानशास्त्रज्ञ पी. के. दास यांनी 1972 साली 'नेचर'मध्ये मांडलं. पुढे दिल्लीच्या आयआयटीत हे काम वाढलं. आज हैदराबादची 'इन्कॉइस' ही सागरी माहिती संस्था फुगवट्याचे अंदाज देते.

एवढं करूनही मॉडेलला वादळाची वेळ बाहेरून घ्यावी लागते, आणि खरी मेख तिथे आहे. भरतीपासून ओहोटी सहा तास बारा मिनिटांवर. हुगळीच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत तेवढ्यात पाणी चारेक मीटर उतरतं. वादळ सहा तास रेंगाळलं की सगळं उत्तर बदलतं. म्हणून एकच वादळ वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या वेळी किनाऱ्यावर आणून पाहतात.

'निसर्ग' चक्रीवादळ आठवतं? 3 जून 2020. पंचांगात ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला होऊन गेली होती. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं ते साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, पाणी उतरत असताना. दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती.