वस्तीचें भय आणि वस्तीची जाग

शहरांतील एखाद्या शांत वसाहतींत भर दुपारीं एक घर फोडलें जातें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दूध आणावयास निघालेल्या मंडळींत तेवढा एकच विषय असतो. सायंकाळपर्यंत एका चोरीच्या तीन चोऱ्या होतात, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळीं 'आतां ही वस्ती पूर्वीची राहिली नाहीं' असा निकालही लागून जातो. या बोलण्यास कोणीं हसूं नये. ज्या घराचें कुलूप तुटलें, त्या घरांतील गृहिणीस पुढें कित्येक दिवस जिन्यांत पाऊल वाजलें तरी धसका बसतो. गेलेला ऐवज कदाचित् परत मिळेल. गेलेली निश्चिंतता मात्र लवकर परत येत नाहीं.

परंतु भय खरें असलें, तरी भयानें केलेला हिशेब खरा असतोच असें नाहीं. भयाची पहिली दृष्टि जाते ती अनोळखी माणसावर. भाजीवाला, भंगारवाला, नव्यानें लागलेली मोलकरीण, फाटकाशीं रेंगाळणारा मुलगा, हे सारे एका रात्रींत संशयित ठरतात. हा संशय किती दूर जाऊं शकतो, हें धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें १ जुलै २०१८ रोजीं दिसलें. मुलें पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. त्या दिवशीं बाजारांत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजांतील पांच भटक्या माणसांना जमावानें ठार मारलें. राईनपाडा हें खेडें खरें; पण त्या अफवेचें वाहन शहरांतील प्रत्येकाच्या खिशांत आहे.

मग वस्तींत गुन्हे खरोखर वाढले आहेत कीं केवळ त्यांची चर्चा, हें ठरवावें कसें? त्याचा पहिला आधार म्हणजे नोंदलेली तक्रार. नेमका तिचाच सुशिक्षितांस कंटाळा. 'चौकीच्या खेपा कोणीं घालाव्या' म्हणून पुष्कळजण गप्प बसतात, आणि मग कागदोपत्रीं ती वस्ती निर्धास्त ठरते. गस्त वाढवून मागावी, तर दाखविण्यास पुरावा नसतो. अर्थात् दोष केवळ नागरिकांचाच नव्हे. तक्रार नोंदवून घेण्याची टाळाटाळ हाही लोकांच्या अनुभवाचा भाग आहे. म्हणूनच २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या पीठानें ललिता कुमारी खटल्यांत निर्णय दिला कीं, माहितीवरून दखलपात्र गुन्हा घडल्याचें दिसत असेल, तर पोलिसांनीं ती नोंदविलीच पाहिजे. घरफोडी हा असाच गुन्हा होय. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानें तर गुन्हा कोणत्याही हद्दींत घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही ठाण्यांत देतां येते. ती इंटरनेटच्या द्वारेंही धाडतां येते. मात्र तीन दिवसांच्या आंत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. हा हक्क कायद्याच्या पुस्तकांत पडून राहिला, तर त्याचा उपयोग चोराखेरीज कोणासच नाहीं.

तथापि नोंद ही गुन्ह्यानंतरची गोष्ट झाली. गुन्ह्यापूर्वीं काय करावें, याचा एक धडा भिवंडीनें दिलेला आहे. १९७० व १९८४ सालच्या दंगलींनीं होरपळलेलें हें यंत्रमागांचें शहर. तेथें पोलीस उपायुक्त असतांना सुरेश खोपडे यांनीं १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पोलीस आणि दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी नियमानें एकत्र बसूं लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्यें जवळची मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली. तेथील प्रश्न चोरीचा नव्हता, दंगलीचा होता; पण मर्म एकच. संकट येण्यापूर्वीं ज्यांची ओळख झालेली असते, तेच संकटांत एकमेकांवर विश्वास ठेवूं शकतात.

जुन्या चाळींत ही ओळख आयती होती. सामाईक गॅलरींत कोणी ना कोणी बसलेलें असे, आणि परका माणूस चार प्रश्नांना उत्तरें दिल्यावांचून वर चढत नसे. नव्या इमारतींत भिंती उंच झाल्या, दारें बंद झालीं, आणि शेजाऱ्याचें नांव पाटीवर वाचून कळूं लागलें. तेव्हां रहिवाशांनीं महिन्यांतून एकदां एकत्र जमावें, गस्तीच्या पोलिसासही बोलवावें, विझलेल्या दिव्यांची यादी करावी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची चौकशी ठेवावी. यांस फारसा पैसा लागत नाहीं.

आणि आणखी एक. रात्रभर फाटकाशीं जागणारा पहारेकरी बहुधा परगांवचा असतो. वस्ती झोंपते ती त्याच्या भरंवशावर. पण चोरी झाली कीं पहिला संशय येतो तो त्याच्यावरच. त्याचें नांव, त्याचें गांव, त्याचीं मुलें यांविषयीं किती घरांना माहिती असते? ज्या वस्तीला आपल्या राखणदाराचीही ओळख नाहीं, तिला चोर कोण आणि साव कोण, हें ओळखूं यावें तरी कसें?