एकोणचाळीस अंकी मूळ संख्या
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दोनाचा १२७ वा घात घ्या आणि त्यातून एक वजा करा. उत्तर येते १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणीही निःशेष भागत नाही. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली, संगणक नसलेल्या काळात, ती मूळ असल्याचे दाखवले. पुढची ७५ वर्षे याहून मोठी मूळ संख्या कुणालाही ठाऊक नव्हती.

भाग देऊन पाहण्याचा शाळेतला मार्ग इथे खुंटतो. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर तो २५४ च्या एखाद्या पटीत एक मिळवून आलेला असणार, एवढे फर्माच्या सिद्धांतावरून कळते. पण तेवढेच विभाजक वर्गमूळापर्यंत तपासायचे म्हटले, तरी सेकंदाला एक भागाकार या वेगाने दीडशे कोटी वर्षे पुरणार नाहीत.

ल्यूकाने विभाजकांचा पाठलागच सोडला आणि एक कसोटी रचली. डी. एच. लेमर यांनी १९३० च्या दशकात तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा, आपल्या संख्येने भागा आणि बाकी पुढे न्या. घातांक दोनाहून मोठी मूळ संख्या हवी. त्याहून दोनने कमी इतक्या वेळा ही क्रिया करायची. शेवटची बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. उदाहरणार्थ ३१, म्हणजे दोनाचा पाचवा घात वजा एक. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ८. ८ वरून ६२, बाकी शून्य. तीन पायऱ्यांत निकाल! आपल्या एकोणचाळीस अंकी संख्येला अशा पायऱ्या लागतात फक्त १२५.

मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली अशा मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची यादी दिली होती. तिच्यात ६७ आणि १२७ दोन्ही होते. ल्यूकाने १२७ खरा ठरवला, ६७ खोटा. मात्र ६७ व्या घातातून आलेल्या संख्येचे अवयव त्याच्या हाती नव्हते. ते अमेरिकी गणितज्ञ फ्रँक कोल यांनी १९०३ साली मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. म्हणजे सत्तावीस वर्षे ती संख्या फुटते हे पक्के माहीत होते, कशी फुटते हे नव्हते. गणिताचे मोठेपण मला इथे दिसते. एकही अवयव न पाहता ते पूर्ण खात्रीचा निर्णय देते.

२०२४ साली सापडलेली ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची मूळ संख्याही याच कसोटीवर पक्की झाली.

श्रोतेहो, घरी गेल्यावर १२७ ही संख्या घ्या. ती दोनाचा सातवा घात वजा एक आहे, म्हणून पायऱ्या पाच. मुलांना शेजारी बसवा, कागदावर बाक्या काढा आणि शेवटचे शून्य त्यांनाच काढू द्या.