‘दुधाचेच दात आहेत, पडतील’ म्हणण्याआधी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

  आजचं बोलणं पुढे सतरंजीवर बसलेल्या बाळगोपाळांबद्दल आहे, पण ऐकायचं आहे ते त्यांच्या आई-बाबांनी आणि आजी-आजोबांनी.

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भाजीच्या गाडीपाशी मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. “डॉक्टर, हिच्या दाढेवर काळं दिसतंय. पण दुधाचाच दात ना, पडेल की! कशाला उगाच त्रास द्यायचा पोरीला?” विचारणाऱ्याच्या मनात माया असते, खर्चाची काळजीही असते. प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून आज त्याचंच उत्तर सविस्तर देते.

आधी थोडा हिशेब करू. दुधाचे दात एकूण वीस. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, म्हणजे उष्टावणाच्या आसपास. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही येतात. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडायला लागतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मागच्या दाढा? त्या दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे अडीच वर्षांच्या मुलाला आलेल्या दाढेला पुढची आठ-नऊ वर्षं काम करायचं असतं. पोळी, भाकरी, काकडी, शेंगदाणे, सगळं तिनेच चावायचं. पहिलीपासून पाचवी-सहावीपर्यंतचं मूल याच दाढांवर वाढतं.

आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. कधीतरी रीडेव्हलपमेंट होणारच आहे. म्हणून आपण गच्चीची गळती तशीच ठेवतो का? सर्वसाधारण सभेत कोणी असं म्हटलं तर वरच्या मजल्यावरचे लोक त्याला खाली बसू देणार नाहीत! दुधाच्या दाताचं तसंच आहे. तो जाणार आहे, पण तोवर त्यात राहायचं आहे.

आता किडीबद्दल. ‘कीड’ या शब्दाने आपला गोंधळ होतो. दातात किडा नसतो. जत्रेत, बाजारात दातातून किडे काढून दाखवणारे लोक पूर्वी बसायचे, ती हातचलाखी. खरी गोष्ट अशी की आपल्या सगळ्यांच्या तोंडात जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की ते जंतूही ते खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दातावरच्या कडक आवरणातलं कॅल्शियम विरघळतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल शमवते आणि झीज थोडीफार भरूनही काढते. या सगळ्याला साधारण अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. दुधाच्या दाताचं आवरण पक्क्या दाताच्या मानाने बरंच पातळ, जवळजवळ निम्मं. त्यामुळे मोठ्यांच्या दातात कीड पसरायला जिथे वर्षं लागतात, तिथे मुलांच्या दातात महिने पुरतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मूल गोड किती खातं, यापेक्षा किती वेळा खातं, हे जास्त महत्त्वाचं. स्वीडनमध्ये १९४०च्या दशकात व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत यावर मोठा प्रयोग झाला. तो मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीशिवाय केला गेला, आज कोणी त्याला परवानगी देणार नाही. पण त्यातून दिसलं ते असं, की जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये चघळलेल्या चिकट टॉफीने दात कितीतरी जास्त किडतात.

आता आपल्या मुलांचा दिवस बघा. सकाळी दुधात चॉकलेटची पावडर. स्कूलबसमध्ये बिस्किटं, कारण चांदणी चौकात किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. शाळेत कोणाचा तरी वाढदिवस, म्हणून टॉफी. परत येताना बसमध्ये ज्यूसचा डबा. संध्याकाळी खाली खेळताना आजोबांच्या खिशातली गोळी. रात्री पुन्हा गोड दूध. तीन जेवणं वेगळीच. प्रत्येक वेळी अर्धा तास धरला तरी बघा, दिवसातले तीन तास दात नुसते आम्लात. लाळेला काम करायला सवडच नाही. तीच टॉफी दुपारच्या जेवणाबरोबर खाल्ली असती तर नुकसान बरंच कमी झालं असतं. गूळ, मध, खडीसाखर, खजूर यांना वेगळी सवलत नाही बरं का! जंतूंना त्यातलं पौष्टिक काय ते कळत नाही, साखर तेवढी कळते.

सगळ्यात वाईट वेळ रात्रीची. झोपेत लाळ फार कमी सुटते. बाळ दुधाची बाटली तोंडात धरून झोपलं की ते दूध वरच्या पुढच्या चार दातांवर साचून राहतं. खालचे दात जिभेच्या आड असल्याने बरेचदा वाचतात. म्हणून दीड-दोन वर्षांच्या बाळाचे वरचे चार दात तपकिरी आणि खालचे पांढरेशुभ्र दिसले, की आम्हाला काही विचारावं लागत नाही. आपल्या भूगावात २०१७ साली महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला होता. ते पैलवान दूध काय कमी पीत असतील? पण बाटली तोंडात घेऊन झोपत नव्हते! दूध द्या, भरपूर द्या. पण साखर न घालता, कपाने किंवा पेल्याने. दूध झाल्यावर दात घासायचे आणि मग झोपायचं.

अंगावर पिणाऱ्या बाळाबद्दल आया घाबरत घाबरत विचारतात. पहिलं वर्षभर तर अजिबात काळजी करू नका. आईचं दूध बंद करण्याचा सल्ला मी देत नाही. दात आल्यानंतर रात्री पुष्कळ वेळा पिणाऱ्या बाळाचे दात दिवसातून दोनदा नीट घासायचे आणि वर्ष-दीड वर्षानंतर रात्रीच्या पाजण्या हळूहळू कमी करायच्या, एवढं पुरतं. इथे एक विनंती. मुलाचे दात किडले की घरात पहिलं बोट सुनेकडे जातं. ते कृपया करू नका. गोळी कोणी दिली, बाटली कोणी भरली, रात्री घासायचा कंटाळा कोणाला आला, यात सगळं घर असतं. ओरडा बसेल या भीतीने आई मुलाला दाखवायलाच आणत नाही आणि सहा महिने फुकट जातात. माझ्याकडे आलेली साडेतीन वर्षांची एक मुलगी आठवते. दोन महिने ती एकाच बाजूने चावत होती. वजन वाढत नव्हतं, रात्री उठून रडायची. घरच्यांना वाटत होतं, हट्टी आहे, जेवायला नखरे करते. तिच्या दोन दाढांची नस उघडी पडली होती. उपचारानंतर आठवड्याभराने तिची आजी म्हणाली, “ही रात्रभर झोपते हो आता.” एवढ्याशा मुलांना ‘दात दुखतो’ असं सांगता येत नाही. ती जेवण नाकारतात, चिडचिडी होतात, झोपत नाहीत.

दुखणं हे एक झालं. दुधाच्या दाताच्या मुळाशी पक्का दात तयार होत असतो. वरचा संसर्ग खाली उतरला तर पक्का दात डागाळलेला, खडबडीत येऊ शकतो. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात, पक्क्या दाताला जागा उरत नाही आणि पुढे तारा लावायची वेळ येते. म्हणजे आज वाचवलेला खर्च बारा-तेरा वर्षांच्या वयात व्याजासकट भरावा लागतो.

बरं, कीड लागलीच तर काय? घाबरून जायचं कारण नाही. प्रत्येक पायरीवर उपाय आहे, फक्त पायरी जितकी खालची तितका तो सोपा आणि स्वस्त.

पहिली पायरी म्हणजे हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ. महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून उजेडात बघा. ही रेघ म्हणजे सुरुवात. अजून खड्डा पडलेला नाही. नीट घासणं, खाण्याच्या वेळा सुधारणं आणि दवाखान्यात फ्लोराइडचं व्हार्निश लावणं, एवढ्यावर ती थांबते, भरूनही येते.

दुसरी पायरी म्हणजे खड्डा पडलाय, पण दुखत नाही. इथे सिमेंट भरता येतं. मूल फारच लहान असेल, खुर्चीवर बसत नसेल, तर एक औषध आहे, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. त्यात चांदी आहे, आपल्या रौप्यमहोत्सवाला साजेसं! इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. नुसतं थेंबभर औषध किडीवर लावायचं. कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. दर सहा महिन्यांनी तपासून गरज पडली तर पुन्हा लावायचं. एकच गोष्ट आधी सांगायला हवी. किडलेला भाग कायमचा काळा होतो. पालकांनी ते कळून-सवरून ठरवावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे औषध, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि ग्लास आयोनोमर सिमेंट या तिन्ही गोष्टी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या. म्हणजे हे काही चोचले नाहीत.

तिसरी पायरी म्हणजे रात्रीचं दुखणं किंवा हिरडीवर पुळी. तेव्हा नसेवर उपचार करून दाढेवर स्टीलची टोपी बसवावी लागते. दाढ पडेपर्यंत ती टोपी टिकते आणि दाढेबरोबरच पडते. चौथी पायरी म्हणजे दाढ काढणं. मग शेजारचे दात सरकू नयेत म्हणून जागा धरून ठेवणारी छोटी तार बसवायची की नाही, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

दोन गोष्टी मात्र करू नका. दुखऱ्या दातात तंबाखू, मशेरी किंवा गोळीची पूड भरू नका, हिरडी भाजते. आणि दुकानातून अँटिबायोटिक आणून देऊ नका. दुखणं चार दिवस दबतं, कीड तिथेच राहते. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका.

आता घरी काय करायचं ते सांगते. पहिला दात आला की घासणं सुरू. तीन वर्षांपर्यंत आपल्या मुळशीच्या आंबेमोहोराच्या एका दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. ट्यूबवर फ्लोराइड किती पीपीएम आहे ते छापलेलं असतं, ते वाचा. आपल्याकडे कायद्याने १००० पीपीएमची मर्यादा आहे आणि मुलांनाही त्याच्या जवळपासची पेस्ट चालते, प्रमाण तेवढं चिमूटभर ठेवायचं. नुसतं कार्टूनचं चित्र बघून पेस्ट घेऊ नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारून पेस्ट ठरवावी. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही.

आणि घासायचं कोणी? सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मोठ्यांनी. ज्या मुलाला स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला दाढा नीट घासता येत नाहीत. लहानग्याला मांडीवर आडवं घ्या, डोकं आपल्याकडे, म्हणजे तोंडात नीट दिसतं. दोन मिनिटं रडेल, रडू दे. रडताना तोंड तरी उघडं असतं! सकाळी घाई असेल तर एक वेळ कमी-जास्त झालं तरी चालेल, रात्रीचं मात्र चुकवू नका. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास एकदा दात दाखवून घ्या. आणि सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते, काहीही न पडता येते. तिला दुधाची समजून सोडून देऊ नका. ती पक्की आहे, जन्मभराची.

शेवटी सोसायटी म्हणून थोडं. २००२-०३च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. आपल्या चार भिंतींच्या आत चित्र फार वेगळं नाही, हे मी शेजारी म्हणून सांगते. माझ्या दोन सूचना आहेत. एक, गणपतीत मोदक हवाच, तो प्रसाद आहे, जेवणाबरोबर खा. पण वाढदिवसाला खाली खेळणाऱ्या मुलांना टॉफीऐवजी पेन्सिल, भिंगरी, शेंगदाणे, पेरू, काहीही वाटा.

दोन, आपल्या गेटवरचे वॉचमन, घरकामाला येणाऱ्या ताई, ड्रायव्हर यांनाही लहान मुलं आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते, दातही बघतात, पुढचे उपचार मोफत असतात. पुण्यातल्या डेंटल कॉलेजांत लहान मुलांचा वेगळा विभाग असतो आणि तिथे खर्च बराच कमी येतो. हे त्यांना सांगणारं कोणीतरी हवं, ते आपण होऊ शकतो. दरवर्षी एका रविवारी या हॉलमध्ये मुलांचे दात तपासायला मी तयार आहे. अट एकच. त्या रांगेत फ्लॅट नंबर विचारायचा नाही.

आज घरी गेल्यावर मुलं झोपण्याआधी एकदा त्यांचा ओठ उचलून बघा. काही दिसलं तर मी याच सोसायटीत आहे, लिफ्टमध्ये भेटतेच.