खेळ संपल्यावर प्राण्याचे काय?
(व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



थायलंडला जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत हत्तींच्या खेळाला बहुधा हमखास स्थान असते. महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे आता त्या देशाची सफर करून येतात. तेथील पर्यटन-प्राणिसंग्रहालयांत हत्ती सोंडेत कुंचला धरून फुलाचे चित्र काढतो, चेंडूला लाथ मारतो, मागच्या दोन पायांवर उभा राहून प्रेक्षकांना अभिवादन करतो. मुले टाळ्या पिटतात. हा प्राणी बुद्धिमान आहे आणि त्याला मोठ्या प्रेमाने शिकविण्यात आले आहे, अशी पाहणाऱ्याची समजूत होते. यातील पहिली गोष्ट खरी आहे.

चित्र काढणाऱ्या हत्तीच्या कानापाशी माहूत उभा असतो. कान वर-खाली, मागे-पुढे ओढून तो प्रत्येक रेघेची दिशा ठरवितो. चित्र माहुताचे, सोंड हत्तीची! या आज्ञाधारकपणाची पूर्वतयारी प्रेक्षकांना दिसत नाही. पिल्लाला आईपासून तोडून लाकडी चौकटीत जखडावयाचे, उपाशी ठेवावयाचे, अंकुशाने टोचून त्याचा विरोध मोडावयाचा, अशी जुनी रीत त्या देशात ‘फाजान’ या नावाने ओळखली जाते. सर्वत्र ती सारख्याच कठोरपणे पाळली जाते असे नव्हे. तथापि रानटी बळाचा प्राणी दोन पायांवर उभा राहावयास शिकतो, तो केवळ केळ्यांच्या आमिषाने नव्हे. शिवाय खेळ अर्ध्या-पाऊण तासाचा. उरलेल्या वेळेचा बराचसा भाग साखळीत जातो. जंगलातला हत्ती दिवसाचे सोळा-अठरा तास चरण्यात आणि हिंडण्यात घालवितो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या साखळीचा अर्थ कळतो.

हे हत्ती पर्यटनाच्या धंद्यात आले कसे, हा इतिहास प्रशासनातील व्यक्तींनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. पूर्वी ते जंगलात लाकूड ओढीत. १९८८ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये भीषण पूर आला. डोंगरांवरील वृक्षतोडीने त्याची तीव्रता वाढल्याचे दिसून आले आणि १९८९ च्या आरंभी सरकारने नैसर्गिक जंगलातील लाकूडतोडीवर बंदी घातली. निर्णय योग्य होता. परंतु लाकूड ओढणारे हत्ती आणि त्यांच्यावर पोट असलेले माहूत यांची वाट काय, याचा पुरेसा विचार त्याबरोबर झाला नाही. प्रौढ हत्तीला दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा लागतो. बंदीचा हुकूम निघाला म्हणून त्याची भूक थांबत नाही! माहूत हत्तींसह शहरांच्या रस्त्यांवर भीक मागू लागले आणि पुढे पर्यटकांच्या तळांवर आले. २०२० मध्ये करोनाच्या साथीने पर्यटन ठप्प झाले, तेव्हा तोही आधार तुटला. शंभराहून अधिक हत्तींना माहूत पायी चालवीत आपापल्या गावी घेऊन गेले.

कांचनाबुरी येथील ‘वाघांच्या मंदिरा’ची कथा याहून दुःखद आहे. बौद्ध मठाच्या या आवारात पर्यटक पैसे देऊन वाघाशेजारी छायाचित्र काढून घेत. २०१६ मध्ये अधिकाऱ्यांनी तेथील १४७ वाघ ताब्यात घेतले. शीतपेटीत ४० मृत बछडे सापडले. कारवाई अवश्य होती. पण सरकारी केंद्रांत नेलेल्या या वाघांपैकी ८६ वाघ २०१९ पर्यंत मरण पावले. जवळच्या नात्यातील संकरामुळे त्यांची प्रकृती आधीच पोखरलेली होती, त्यात विषाणूंची बाधा झाली. म्हणजे खेळ चालू असताना केलेला अपाय खेळ बंद पडल्यावरही प्राण्याला सोडीत नाही.

भारताचा अनुभव अधिक आशादायक आहे, आणि तोही सहजासहजी आलेला नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात खेळ करणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्याखाली १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकविण्यास व त्यांचे खेळ दाखविण्यास मनाई करण्यात आली. सर्कसचालक न्यायालयात गेले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई कायम केली. १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी भारतीय सर्कशीचा पाया घातला तो याच महाराष्ट्रात, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला सर्कशीचा जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. पण तंबूतून सुटलेले सिंह जंगलात सोडण्याजोगे नव्हते. त्यांपैकी पुष्कळांत आफ्रिकी व आशियाई रक्ताची सरमिसळ झालेली होती. त्यांच्यासाठी बन्नेरघट्टा, वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर, भोपाळ अशा ठिकाणी बचाव केंद्रे उभारावी लागली. प्रजनन थांबवून, मरेपर्यंत पोसणे हेच तेथील काम होय.

दरवेशी आणि त्याचे अस्वल हे दृश्य जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे. नाकातून तापलेली सळई घालून पाडलेल्या भोकातील दोरी मात्र मुलांच्या नजरेत क्वचितच येई. अस्वले सोडविताना आग्र्याजवळ निवारा उभारण्यात आला आणि त्याचबरोबर कलंदर कुटुंबांना दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल व मुलांच्या शिक्षणास साहाय्य देण्यात आले. म्हणूनच २००९ पर्यंत सहाशेहून अधिक अस्वले सुटू शकली. माणसाची भाकरी विचारात घेतली नसती, तर एक अस्वल नेल्यावर दुसरे जंगलातून धरून आणले गेले असते.

शिक्षकांच्या हाती सहलीचे ठिकाण निवडणे असते. प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना चिडविणे, खाऊ घालणे किंवा गोंगाटाने त्रास देणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८-जे खाली अपराध आहे, हे सहलीपूर्वीच वर्गात सांगता येईल. जत्रेत तिकीट लावून प्राण्यांचे खेळ करू इच्छिणाऱ्याचा अर्ज ग्रामपंचायतीपुढे आल्यास प्रथम नोंदणी प्रमाणपत्र मागावे आणि त्यात नमूद केलेले प्राणीच तंबूत आहेत ना, हे पशुवैद्यकीय अधिकाऱ्यासमवेत पाहावे. मनाई असलेला प्राणी आढळला, तर वनक्षेत्रपालांना तत्काळ कळवावे. मात्र तो ताब्यात घेण्यापूर्वी, त्या रात्री त्याला कोठे ठेवावयाचे, कोणी खाऊ घालावयाचे आणि कोणत्या केंद्रात न्यावयाचे, हे ठरवून लेखी नोंदवून ठेवावे.